दाऊंच्या तोंडावर, मराठीत

झाशीतल्या जुन्या मराठी घरांची एक सवय आहे. चारचौघांत काही खासगी बोलायचं असलं, की आवाज खाली करायचा नाही, भाषा बदलायची. साडीच्या दुकानात दुकानदार समोर बसलेला असताना बायको नवऱ्याला खुशाल सांगते, "जास्त सांगतोय, उठा तुम्ही, मग उतरेल." लग्न ठरवायच्या बैठकीत मुलाच्या कानांपासून पगारापर्यंत सगळ्याची चिरफाड सगळ्यांच्या देखत होते आणि समोरचे लोक हसत मान डोलावतात. ओरछा गेटजवळच्या पाळंद्यांच्या घरात ही सवय आठ पिढ्या चालत आली होती. त्यात कोणी कधी पकडलं गेलं नव्हतं.

मधुसूदनराव पाळंदे यांनी तर ही कला नोकरीत वापरली. छत्तीस वर्षं ते कचेरीत होते. त्यातली शेवटची अठ्ठावीस वर्षं पेशकार, म्हणजे न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून फायली पुढे सरकवणारा आणि पुढच्या तारखा सांगणारा माणूस. लघुलेखक दिवाकर शेजारीच बसायचा, तोही मराठी. दोघं भर इजलासात, म्हणजे चालू कोर्टात, वकिलांच्या नाकासमोर, "यांनी आज पण केस न वाचता आणलीये बघ," असं बिनदिक्कत बोलायचे. वकील लोक पालंदे बाबूंना फार गंभीर माणूस समजत.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी घरी येऊन प्रेमलाबाईंना सांगितलं, "आजपासून कोणाची तारीख नाही." आणि दुपारी दोन तास झोपले. कामावर असताना ते दुपारी कधी झोपले नव्हते, आणि रात्रीही झोपेतून दचकून उठण्याची त्यांना सवय होती. पहिल्या महिन्यातच वजन तीन किलो वाढलं. आता आयुष्यात काही घडणार नाही, या खात्रीने माणूस किती सुखी होतो, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं.

अशा सुखी माणसाकडे २०१८ सालच्या थंडीत बकुळ आली. बकुळ पुण्याची, तिशीतली, सिनेमे लिहिणारी. इलाइट चौराह्याजवळच्या हॉटेलात उतरली होती आणि गणपती मंडळाच्या लोकांनी तिला पाळंद्यांचा पत्ता दिला होता. तिचा नवा सिनेमा एका म्हाताऱ्या गुंडावर होता. धंदा सोडून शेती करणारा गुंड. सगळं जमलं होतं, एकच अडत होतं.

"काका, तो धंदा का सोडतो, तेच मला सापडत नाहीये," ती म्हणाली. "निर्माते रोज फोन करून विचारतात, मोटिव्हेशन काय? कोणी म्हणतं मुलगी मरू दे, कोणी म्हणतं बायको. मला कोणाला मारायचं नाहीये. मला खरा माणूस बघायचाय."

"एवढंच ना?" मधुसूदनराव म्हणाले. "आमच्याकडे आहे की एक. चिरगावला राहतात. त्यांच्या सगळ्या फायली माझ्याच हातून गेल्यात."

आतून प्रेमलाबाई म्हणाल्या, "अहो, रिटायर झालात ना? मग बसा की चुपचाप."

पण छत्तीस वर्षांत मधुसूदनरावांना कोणी सिनेमाबद्दल विचारलं नव्हतं. ते गेले.

रघुनाथ दाऊ. दाऊ म्हणजे बुंदेलीत घरातला वडीलधारा, पण या दाऊंचं नाव नव्वदच्या आधी या पट्ट्यात निघालं तर दुकानदार शटर ओढून घ्यायचे. अपहरणं, ठेके, दोन खुनांचे खटले. मग १९९६ नंतर एकदम सगळं बंद. एका खटल्यात सहा वर्षं तुरुंगात काढून बाहेर आले आणि कानपूर रस्त्यापासून आत पेरूची बाग लावली. आता सत्तरी गाठलेली, पांढऱ्या मिशा, चार म्हशी, पांढरं स्वच्छ धोतर. मुलगे सरकारी रस्त्यांचे ठेकेदार. लोक अजून पाया पडतात, आणि पडताना जरा लांबूनच पडतात.

पहिल्या बैठकीत दाऊंनी स्वतः ताक आणून दिलं. बकुळने हिंदीत विचारलं, सगळं का सोडलंत? दाऊंनी छातीवर हात ठेवला. "मताई खों बचन दओ तो बिटिया, सो छोड़ दओ।"

बकुळ लिहू लागली. मधुसूदनरावांना राहवलं नाही. चेहरा तसाच गंभीर ठेवून ते मराठीत म्हणाले, "लिहू नकोस. थाप आहे. आईला वचन कसलं, आई त्याच्या सहा वर्षं आधी गेली. अंत्यविधीला सोडण्याचा अर्ज फाइलीला मीच लावलाय."

बकुळने दचकून दाऊंकडे पाहिलं. दाऊ मिशीवरचं ताक पुसत होते.

"त्यांना काय कळतंय," मधुसूदनराव म्हणाले. "मला जरा लोडाला टेकू दे, गुडघे फार दुखतात माझे जमिनीवर बसलं की."

दुसऱ्या बैठकीत दाऊंनी नवीन कारण सांगितलं. ओरछ्याला रामराजाच्या देवळात गेलो, देवाच्या पायाशी गावठी कट्टा ठेवला आणि हात जोडले. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. बकुळचेही भरून येऊ लागले होते, तेवढ्यात शेजारून मराठी सुरू झालं.

"कट्टा पोलिसांनी जप्त केला होता. मुद्देमालाच्या यादीत तेरावा नंबर आहे. बाराव्या नंबरवर एक छत्री आहे, तीही बहुधा देवाला वाहिली असेल."

बकुळला हसू आवरेना. तिने खोकल्याचं सोंग केलं. दाऊंनी लगेच तिच्यासाठी गरम पाणी मागवलं.

तिसऱ्या दिवशी बकुळने वही मिटली आणि दाऊंच्या समोरच मधुसूदनरावांना मराठीत विचारलं, "काका, मग खरं कारण काय?"

आणि मधुसूदनरावांनी, जे त्यांनी बावीस वर्षांत दिवाकरलाही सांगितलं नव्हतं, प्रेमलाबाईंनाही सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. कौतुकाने विचारणारं कोणी समोर बसलं की माणसाची जीभ किती सैल होते, याचा त्यांना स्वतःलाच नंतर अचंबा वाटला.

"हा भ्याला," ते म्हणाले. "बाकी काही नाही. शहाण्णव सालचा जून. साहेब लघुलेखकाला घेऊन चेंबरमध्ये गेले होते. हा कोर्टात बाकावर बसलेला. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर उडाला, असा आवाज झाला की कोणी गोळीबारच केला असं वाटलं. वकील पळाले, शिपाई पळाले. आणि हा मोठा वाघ, ज्याच्या नावाने बाजार बंद व्हायचा, तो सरळ बाकाखाली शिरला. कान झाकून. त्यानंतर त्याने एकही गुन्हा केलेला नाही. काढ तुझं मोटिव्हेशन त्यातून."

बकुळने मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाली, "काका, हे सोनं आहे. आणि तुम्ही?"

"मी माझ्या जागेवर होतो," मधुसूदनराव म्हणाले आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

बकुळ मोटारीत जाऊन बसली. मधुसूदनराव ओट्यावरून उतरायला लागले तेव्हा दाऊंनी त्यांच्या कोपराला हात दिला, आणि स्वच्छ वऱ्हाडी मराठीत म्हणाले,

"हळू जा जी. पायरी उच हाये, अन् तुमचे गुडघे दुखतात."

मधुसूदनराव पायरी उतरले कसे, मोटारीत बसले कसे, आणि बकुळ वाटेत काय काय बोलत होती, यातलं त्यांना काहीही आठवत नाही.

बकुळ दुसऱ्या दिवशी मुंबईला गेली. तिला त्यांनी काही सांगितलं नाही. प्रेमलाबाईंना सांगितलं, आणि तेही दाराची कडी लावून.

"मराठी समजते त्यांना?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "पूरी?"

"पूरी. पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही त्यांना काय काय म्हणालात?"

मधुसूदनरावांनी सांगितलं. थापाड्या, भित्रा, छत्री. प्रेमलाबाईंनी छत्रीपर्यंत ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की घाबरल्या होत्या हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. मग म्हणाल्या, "अहो, ज्याला जीव घ्यायचाय तो गुडघ्यांची चौकशी नाही करत. बिल्कुल घबराऊ नका."

पण मधुसूदनरावांनी त्या माणसाच्या फायली वाचल्या होत्या. दोन खुनांपैकी एकात मयताला आदल्या दिवशी मिठाई पाठवली होती, असं साक्षीत होतं. चौथ्या दिवशी मोटारसायकलवरून दोन तरणेबांड गडी आले आणि टोपलीभर पेरू देऊन गेले. "दाऊ ने भेजे हैं। पूछो है कि बाबूजी कबे आ रहे। अकेले आइयो।"

प्रेमलाबाईंनी पेरूची कोशिंबीर केली. मधुसूदनरावांनी ताटाकडे पाहिलंही नाही. वाढलेले तीन किलो एका आठवड्यात उतरले. ते भाजीला जाईनात, गणपती मंडळाच्या सभेला जाईनात, खिडकीजवळची खुर्ची त्यांनी आतल्या भिंतीला लावली.

शेवटी त्यांनी बकुळला फोन केला. तो बाकाचा प्रसंग काढून टाक, म्हणाले.

"काका, तो आता निघणार नाही," ती आनंदाने म्हणाली. "निर्माते फिदा आहेत. त्यातच तर खरा माणूस आहे. नावगाव सगळं बदललंय, कोणाला कळणार?"

कोणाला कळणार, ते मधुसूदनरावांना नेमकं ठाऊक होतं. आज ना उद्या ते पडद्यावर येणार, सगळा बुंदेलखंड ते बघणार, आणि ही आतली गोष्ट सांगणारा एकच माणूस होता हे दाऊंना माहीत होतं. घरात बसून वाट बघण्यापेक्षा एकदाचं जाऊन पाय धरावेत, असं त्यांनी नवव्या दिवशी ठरवलं. प्रेमलाबाई बरोबर येते म्हणाल्या. त्यांनी नको म्हटलं. मग कपाटाची किल्ली कुठे असते, पेन्शनचं पुस्तक कुठे असतं, हे त्यांना दाखवून ठेवलं. प्रेमलाबाई तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

सकाळच्या बसने ते चिरगावला उतरले. बागेपर्यंत चालत गेले. दाऊ एका झाडाखाली खाटेवर बसून पेरू निवडत होते. जवळपास कोणी नव्हतं. मधुसूदनराव वाकून पायाला हात लावणार, तोच दाऊंनी त्यांना खांद्याला धरून खाटेवर बसवलं.

"कायले भेता जी एवढे?" ते म्हणाले. "मले तुमच्या तोंडून मराठी आयकाची होती, म्हनून बोलावलं. ते बाई असल्यावर बोलता येत नाही."

दाऊच बोलू लागले. ब्याण्णव साली जामीन तोडून पळालो, म्हणाले. पळालो ते थेट अकोल्याला.

"तीन वर्सं उसाची रसवंती चालवली. मारुती नाव सांगतलं होतं. लोकं म्हनत, ए मारुती, बरफ कमी टाक, लेका. कोनी मले भेत नव्हतं, अन् मीबी कोनाले भेत नव्हतो. दुपारी दुकानाच्या फळीवर झोप लागे मले. मंग पोलिसांनी पकडून आनलं, अन् पुन्हा दाऊ झालो. दाऊले सगळे भेतात, अन् दाऊ सगळ्याईले भेतो. त्या दिवशी बाकाखाली शिरलो तवा समजलं, आता हे आपल्याच्यानं होत नाही."

"म्हणजे..." मधुसूदनराव चाचरले, "मी जे बोललो, त्याचा राग नाही?"

"राग कायचा? खरं तेच बोलले तुमी. आई मेली होती, कट्टा पोलिसांपाशी होता. छत्री मात्र माही नव्हती." दाऊ मिशीत हसले. "पन मताईचं वचन मले सोडता येत नाही. पोराईचं सगळं त्याच्यावर चालते. बाप भेला म्हनून घरी बसला, असं समजलं त त्याईले कोन इचारन? त्या पिच्चरमधी नाव येगळं हाये ना? मंग दाखवा. निदान एका जागी त खरं लिहून राहीन."

मधुसूदनरावांनी किती दिवसांनी पूर्ण श्वास घेतला. एकदम अशी भूक लागली की समोरचा पेरू उचलून त्यांनी चावा घेतला. आपण जिवंत राहणार आहोत. संध्याकाळी घरी जाऊन जेवणार आहोत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

दाऊंनी त्यांना अर्धा पेरू खाऊ दिला. मग म्हणाले,

"पन पालंदे बाबू, एक गोष्ट बाईले तुमी सांगतलीच नाही."

"कोणती?"

"तुमी मले बाकाखाली पाह्यलं. कुठून पाह्यलं?"

मधुसूदनरावांनी उरलेला पेरू खाली ठेवला.

"वकील पयाले, शिपाई पयाले. खोली रिकामी. मी डोये उघडले त समोर, टेबलाखाली, चष्म्याच्या दोन काचा. पाय ठेवाच्या फळीले मिठी मारून बसले होते तुमी." दाऊंच्या आवाजात खुन्नस नव्हती, जुन्या ओळखीचा माणूस बोलावा तसे ते बोलत होते. "आपन दोघं किती वेळ एकमेकाईले पाहत होतो. मंग तुमी उठले, कपडे झटकले, अन् मले तारीख देली."

बावीस वर्षं. त्या दिवशी मधुसूदनरावांनी फाइलीत 'वीज गेल्याने कामकाज तहकूब' असं लिहिलं होतं आणि घरी येऊन काही सांगितलं नव्हतं. दाऊंना बाकाखाली पाहिल्याचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण ऐकणारा पुढचा प्रश्न काय विचारणार हे त्यांना ठाऊक होतं. बकुळने तो विचारलाच होता. आणि तीन दिवस ते त्या म्हाताऱ्याला त्याच्या तोंडावर थापाड्या, भित्रा म्हणून हसत होते, ते कशासाठी, हे आता त्यांना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांची मान खाली गेली. तो भित्रा आहे असं म्हणत राहिलं की स्वतःला काही म्हणावं लागत नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "होतो."

"मले वाटे, हा मानूस एक दिवस सगळ्याईले सांगन. रोज वाट पाहे मी. तुमच्या घरी मानूस पाठवाचं बी डोक्यात आलं होतं, खोटं कायले बोलू."

"आणि मला वाटायचं, तुम्ही मला संपवणार. पाहिलं म्हणून. तुम्ही सुटून आल्यावर सहा वर्षं मी घरी जायचा रस्ता बदलून जायचो."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. आधी दाऊंचं पोट हललं. मग मधुसूदनरावांना खुदकन हसू आलं, आणि मग दोघं म्हातारे त्या खाटेवर असे हसले की खाटेची सुंभं करकरली आणि गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली. हसताना दाऊंना ठसका लागला. मधुसूदनरावांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. ज्या माणसाच्या भीतीने बाजार बंद व्हायचा, त्याच्या पाठीवर ते चांगल्या जोरजोरात थापा मारत होते आणि ते लक्षात आल्यावर त्यांना आणखीच हसू आलं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला.

बकुळने पहिल्याच घंटेला उचलला. "काका, प्लीज, आता प्रसंग काढायला सांगू नका."

"काढू नकोस," मधुसूदनराव म्हणाले. "वाढव. वही घे. त्या खोलीत बाकाखाली एक माणूस होता आणि टेबलाखाली दुसरा. दुसरा मी होतो."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. दाऊ पेरू निवडायचं थांबून ऐकत होते.

"काका," बकुळने हळूच विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही हे सांगितलं का नाही?"

"भ्यालो म्हणून," मधुसूदनराव म्हणाले, आणि समोर बसलेल्या दाऊंकडे बघून त्यांनी ते पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं.